डोंगरावरून आलेली परीक्षक

गुनवोर हॉवलंडचं लायसन्स बोगद्यात गेलं. हरवलं नाही, पोलिसांनी काढून घेतलं. ऐंशीची मर्यादा असलेल्या बोगद्यात बाईसाहेब एकशे सव्वीसने चालल्या होत्या, आणि कशासाठी, तर पहिल्या तासाला दोन मिनिटं उशीर होईल म्हणून. सहा महिने गाडीला हात लावायचा नाही अशी शिक्षा झाली. तेव्हा ती चाळिशीची होती आणि हॉवदालच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत होती. तिने भाच्याकडून त्याची डोंगरात चालवायची जुनी सायकल घेतली, जाड टायरांची, आणि नदीकाठच्या कच्च्या वाटेने शाळेत जायला लागली. सहा महिन्यांनी लायसन्स पाकिटातून घरी आलं. ते तिने न उघडता खणात टाकलं आणि गाडी भावाला देऊन टाकली. त्याने मागची सीट काढून तिच्यात मेंढ्यांचं खाद्य भरायला सुरुवात केली.

मी आसमुंद. डोंगराच्या अलीकडे लोनेविक गाव आहे, तिथल्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. माझं आणि डोंगराचं नातं खिडकीतून बघण्यापुरतं. मला पाऊस आवडत नाही, वारा आवडत नाही, सायकलच्या सीटवर बसणं तर अजिबात आवडत नाही. त्यामुळे गुनवोर मला सुरुवातीला जरा डोक्यावर पडलेलीच वाटायची. तिलाही मी काय वाटायचो ते तिने कधी लपवलं नाही.

ती सायकल चालवायची ती उन्हातान्हात मजा म्हणून नव्हे. आमच्याकडे उन्हाची वाट बघत बसलं तर वर्षातून चार वेळा बाहेर पडायला मिळेल. बाहेर वादळ घोंगावायला लागलं की हिचे डोळे चमकायचे. टायरमधली हवा थोडी कमी करायची, म्हणजे ओल्या दगडावर चाक धरून राहतं. आडवा वारा सुटला की उतरायचं आणि सायकल वाऱ्याच्या खालच्या अंगाला धरायची, नाहीतर ती आपल्याच अंगावर येऊन पडते. चढावर सायकल हिच्या खांद्यावर आणि उतारावर ही सायकलवर. हे सगळं ती आमच्या शाळेत आली की स्टाफरूममध्ये कॉफी ओतता ओतता, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगायची. दोनदा खिंडीतून परत फिरली होती, तेही त्याच आवाजात सांगायची. लोकांना वाटायचं बाई हट्टी आहे. हट्टी माणूस परत फिरत नाही हो.

बाकी तिचं आयुष्य इतर कुठल्याही मास्तरणीसारखंच. ओले कपडे शाळेच्या बॉयलरच्या खोलीत वाळत घालायचे, कपाटात ठेवलेले कोरडे चढवायचे, कागदात गुंडाळून आणलेले तपकिरी चीजचे ब्रेडचे तुकडे उभ्याउभ्या खायचे, आणि खाता खाता वह्या तपासायच्या. वहीवर चीजचा डाग पडला तर त्याला गोल करून खाली 'ही माझी चूक' असं लिहायची. पोरं तिला घाबरायची आणि तिच्याच वर्गात बसायला धडपडायची. आमच्याकडे पोरं शिक्षकांना नावानेच हाक मारतात आणि 'तू'च म्हणतात, पण 'गुनवोर' हे नाव हॉवदालची पोरं जरा जपूनच घ्यायची.

माझा तिच्याशी संबंध यायचा तो दर जूनमध्ये. दहावीच्या पोरांची तोंडी परीक्षा असते. प्रश्न विचारायचे त्याच शाळेच्या शिक्षकाने, पण शेजारी दुसऱ्या शाळेतून आलेली एक परीक्षक बसते आणि मार्क किती द्यायचे यावर शेवटचा शब्द तिचा. ती नसेल तर परीक्षाच नाही. आमच्या शाळेत विज्ञानाला ओळीने नऊ वर्षं गुनवोर आली, आणि ओळीने नऊ वर्षं तिने माझे मार्क छाटले. मी सहापैकी पाच म्हटलं की ती चार म्हणायची. मी कटकट केली की म्हणायची, "तुझा पोरांवर जीव आहे, आसमुंद. ते चांगलंच आहे. पण जीव मार्कांत घालू नकोस." तिच्या मागे मी तिला कस्टमवाली म्हणायचो, प्रत्येकाच्या पेटीतून काहीतरी काढून घेणारी. तोंडावरही एकदा म्हटलं. तिला ते आवडलं, त्याचा मला जास्त राग आला.

आता मी सांगतोय त्याला वीस वर्षं झाली. त्या वर्षी विज्ञानाच्या तोंडी परीक्षेला आमच्या शाळेतून एकच मुलगी निवडली गेली. सुन्निवा. पंधरा वर्षांची, उंच, केस नेहमी घट्ट वेणीत. लिहायला दिलं तर माझ्या तीस वर्षांतल्या पहिल्या तिघांत बसेल अशी. पण बोलताना शब्द अडायचा. साधा नव्हे, असा अडायचा की तिची मान ताठ व्हायची आणि समोरचा माणूस जमिनीकडे बघायला लागायचा. वर्गात ती हात वर करत नसे आणि मीही तिला विचारत नसे. याला मी समजूतदारपणा म्हणायचो. आता म्हणत नाही.

अशा मुलांना डॉक्टरच्या दाखल्यावर तोंडी परीक्षेतून सूट मिळते. तिच्या आईने, आसलाउगने, दाखला आणलाही होता, पर्समध्ये घडी करून ठेवला होता. सूट नको असेल तर निदान जास्तीची पंधरा मिनिटं तरी मिळतात. सुन्निवाने दोन्ही नाकारलं. माझ्या टेबलापाशी येऊन तिने एका कागदावर लिहून दिलं. परीक्षा देणार. सगळ्यांना अर्धा तास, तर मलाही अर्धा तास. आणि माझ्या बोलण्याबद्दल परीक्षकाला आधी काही सांगायचं नाही. खाली रेघ मारून लिहिलं होतं, 'शब्द दे.' मी मूर्ख माणूस, शब्द दिला.

परीक्षेच्या दोन दिवस आधी विषयाची चिठ्ठी मिळते. तिला आला 'पाऊस'. ती दोन दिवस ग्रंथालयातून हलली नाही. आसलाउगने मला सांगितलं की पोरगी आरशासमोर बसून बोलते आहे, चार वर्षांत पहिल्यांदा.

आणि मग आदल्या संध्याकाळी वादळ आलं. जूनमध्ये आमच्याकडे असं वादळ क्वचित येतं, पण येतं तेव्हा हिवाळ्याची थकबाकी वसूल करून जातं. फेरीबोट थांबली. बोगद्याच्या तोंडाशी दगड कोसळले. हॉवदालहून लोनेविकला यायचे दोनच रस्ते, आणि दोन्ही बंद. पहाटे मुख्याध्यापिका बेरितचा फोन आला. परीक्षक येऊ शकत नाही, परीक्षा पुढच्या आठवड्यात, नियमाप्रमाणे नवा विषय, आपण काय करणार. तिने आसलाउगलाही कळवलं होतं. आसलाउगचं म्हणणं पडलं की हा देवाचाच इशारा समजायचा, आता दाखला देऊन मोकळं व्हायचं, पोरीला दुसऱ्यांदा या जाळातून न्यायची तिची तयारी नाही. मी विचारलं, सुन्निवा काय म्हणाली. बेरित म्हणाली, काहीच नाही. वह्या गोळा करून दप्तरात भरल्या म्हणे.

मला पक्कं ठाऊक होतं, ही पोरगी आज बोलली नाही तर पुन्हा बोलायला उभी राहणार नाही. पुढची शाळा, त्यापुढची शाळा, सगळीकडे तो दाखला तिच्या पुढे पुढे चालेल.

मी गुनवोरला फोन केला. साडेपाच वाजले होते. ती जागीच होती, मागे स्टोव्हवर काहीतरी उकळत होतं.

"परीक्षा किती वाजता?" तिने विचारलं.

"साडेनऊला. पण रस्ते..."

"मला रस्ते माहीत आहेत. डोंगरावरून येते."

मी तिला वेड्यात काढलं. बाहेर माझ्या घराची पत्र्याची पन्हळ उडून शेजाऱ्याच्या बागेत पडली होती, ते सांगितलं. ती शांतपणे ऐकून घेत होती आणि बहुतेक त्याच वेळी बूट चढवत होती. वारा पाठीमागून आहे, म्हणाली. सहाला निघते, साडेआठच्या आत खिंडीत. खिंडीत सायकल हातात धरवली नाही तर मागे फिरेन आणि तुला घरून फोन करीन. साडेनऊपर्यंत तोरगेरच्या फाटकाशी दिसले नाही आणि फोनही आला नाही, तर माणसं पाठव. तोरगेर म्हणजे आमच्या बाजूच्या सगळ्यात वरच्या शेतावरचा शेतकरी.

मी म्हटलं, "गुनवोर, एका मुलीचा प्रश्न आहे. आज झालं नाही तर ती..."

"कारण सांगू नकोस," ती म्हणाली. "मला कारण कळलं तर मी तिला नीट तपासू शकणार नाही." आणि फोन ठेवला.

पुढचं तिने मला नंतर सांगितलं. चढ नेहमीसारखाच गेला, म्हणजे दोन तास सायकल खांद्यावर घेऊन चिखलात. ओढ्यावरचा फळ्यांचा पूल वाहून गेला होता. ती ओढ्याच्या काठाने वर वर गेली, पाणी पसरून उथळ झालेली जागा सापडली तिथे उतरली, आणि तरी कमरेपर्यंत भिजली. खिंडीत पावसात बर्फ मिसळलेला, ना धड पाणी ना धड बर्फ, सगळा कपड्यांच्या आत. वाऱ्याने तिला दोनदा बसवलं. तिथे ती एका खडकाच्या आडोशाला दहा मिनिटं थांबली आणि ठरवलं, की आता पुढचा उतार मागच्या चढापेक्षा सोपा आहे, म्हणजे पुढेच जायचं. उतारावर बोटं इतकी गारठली की ब्रेक दाबता येईना. मग तिने उजवा पाय पेडलवरून काढून टाच जमिनीवर घासत वेग आवरला आणि तशीच खाली आली. आयुष्यातला सगळ्यात चांगला उतार होता, असं म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती.

मी फोन करून ठेवला होता, त्यामुळे तोरगेर सकाळपासून दुर्बीण घेऊन खिडकीत बसला होता. नऊ वाजून पाच मिनिटांनी त्याला डोंगरावर पिवळा ठिपका दिसला. त्याने ट्रॅक्टर काढला, पण फाटकापर्यंत पोचेतो ती त्याला हात करून खाली निघूनही गेली होती. त्याने शाळेत फोन केला. फोन बेरितने उचलला आणि खुर्चीतच बसली. मी आसलाउगला फोन लावला. म्हटलं, सुन्निवाला घेऊन ये, परीक्षक आली आहे.

नऊ सव्वीसला गुनवोर शाळेच्या दारात. चिखल डोळ्यांपर्यंत, एका गुडघ्यातून रक्त. बेरितने टॉवेल आणला, आपली व्यायामाची पँट आणि घोंगडी आणली, आणि म्हणाली अर्धा तास थांबू, गरम पाण्याने अंघोळ कर, वॉफल आहेत, काही बिघडत नाही. गुनवोरने मान हलवली. बोलायचा प्रयत्न केला तर दातांवर दात वाजायला लागले, शब्द बाहेर येईना. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. साडेनऊ म्हणजे साडेनऊ. बाईने एवढ्यासाठी बोगद्यात लायसन्स घालवलं होतं, तिला अंघोळीचं काय सांगता. तीन मिनिटांत कपडे बदलून, घोंगडी गुंडाळून ती परीक्षेच्या खोलीत माझ्या शेजारी येऊन बसली.

सुन्निवा आत आली. तिने भिंतीवर आपला तक्ता लावला, डोंगर आणि ढग आणि बाण.

गुनवोरने तिच्याकडे पाहिलं आणि जबडा घट्ट धरून, एकेक अक्षर ढकलत विचारलं, "त-त-तुझं न-नाव?"

सुन्निवाची मान ताठ झाली. "स-स-स... सु-सु..."

गुनवोरच्या भुवया वर गेल्या. "प-परत."

"सु-सु-सु..."

गुनवोरने टेबलावर हात आपटला. तिचा राग मी नऊ वर्षं पाहत होतो, पण हा वेगळा होता. ती जे बोलली ते बोलायला तिला बराच वेळ लागला, आणि तेच जास्त भयंकर होतं. मी ग-गारठले आहे, म्हणाली. याची न-नक्कल करण्यासारखं त्यात काय आहे. मी डोंगर ओलांडून आले ते तुझ्या च-चेष्टेसाठी आले नाही.

मी खुर्चीतून अर्धा उठलो. शब्द दिला होता, पण असला शब्द गेला खड्ड्यात, असं मला वाटलं. तोंड उघडणार तेवढ्यात सुन्निवाने माझ्याकडे पाहून मान हलवली. नाही. मी तसाच अर्धवट उभा राहिलो. पोरीचा चेहरा लाल झाला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ओठ एका शब्दाशी झगडत होते. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं.

शेवटी तिने ते वाक्य बाहेर काढलं. इथे मी ते सलग लिहितोय, तिला त्याला मिनिटभर लागलं.

"तू शेकलीस की नीट होशील. मी अशीच राहणार आहे."

गुनवोरच्या चिखलाने माखलेल्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली गोष्ट पाहिली. तिला लाज वाटली. तिने मान खाली घातली नाही, मुलीच्या डोळ्यांत बघूनच ती लाज पत्करली.

"च-चूक माझी," ती म्हणाली. "स-सुरू कर."

आणि सुन्निवाने सुरू केलं. काय सांगू तुम्हाला. मी तिला तीन वर्षं शिकवलं आणि तिचा आवाज मला त्या दिवशी कळला. शब्द अडत होते, काही तर दारात पाय रोवून उभे राहत होते, पण ती प्रत्येकाला ओढून बाहेर आणत होती. समुद्रावरून येणारा वारा डोंगराला कसा भिडतो, वर चढता चढता कसा गार होतो, हॉवदालला जास्त पाऊस आणि लोनेविकला कमी का. गुनवोर ऐकत होती. 'हं हं' नाही, धीर देणारं हसू नाही, जमिनीकडे बघणं नाही. मुलगी एका शब्दावर अडली की ही तशीच थांबायची, तो येईपर्यंत. मला मात्र राहवेना. दोन वेळा मी सुन्निवाचा शब्द तिच्या आधीच बोलून टाकला.

"आसमुंद," गुनवोर म्हणाली, "परीक्षा तुझी नाही." एव्हाना तिचा जबडा जागेवर आला होता. सुन्निवाचा येणार नव्हता. दोघींना ते माहीत होतं आणि दोघीही पुढे चालल्या होत्या.

शेवटचा प्रश्न गुनवोरचा होता. खाली आठ अंश असतील तर अकराशे मीटरवर किती? सुन्निवा म्हणाली, शंभर मीटरला एक अंश, आणि तक्त्याकडे वळून पुढे काहीतरी सांगायला लागली, पण शब्द अडला. घड्याळात दहा वाजले. गुनवोर म्हणाली, वेळ झाली.

सुन्निवा बाहेर गेल्यावर मी म्हटलं, सहा. गुनवोर म्हणाली, पाच. हवेतून पाऊस पडत असताना शंभर मीटरला एक अंश नाही, जेमतेम सहा दशांश उतरतो. तिचा हिशेब खरा असता तर खिंडीत कोरडा बर्फ पडला असता आणि मी अशी भिजले नसते. मी भडकलो. म्हटलं, तू दगड आहेस, त्या पोरीने आज काय केलं ते तुला दिसलं नाही का? ती म्हणाली, दिसलं. पण जे दिसलं त्याला या कागदावर रकाना नाही, आणि मी दयेने दिलेला सहा तिला आयुष्यभर टोचेल. मी चडफडत कागदावर पाच लिहिलं. सही मात्र तिला करता येईना, बोटांत पेन राहत नव्हतं. जरा वेळाने करते, म्हणाली.

बाहेर येऊन निकाल सांगितला. आसलाउगने तोंडावर हात ठेवला आणि रडायलाच लागली, आनंदाने. पाच म्हणजे काय थोडं झालं! तिने लेकीला कवटाळलं. बेरित वॉफल घेऊन आली. सगळं छान झालं होतं, मीही आता रागवायचं सोडून द्यायला तयार होतो. पण सुन्निवाने आईचे हात हळूच बाजूला केले आणि गुनवोरसमोर जाऊन उभी राहिली.

"क-कुठे चुकलं?"

गुनवोरने सांगितलं. सुन्निवाने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, ते तुझ्या बाजूला. वारा तुझ्या बाजूने चढतो. आमच्या बाजूला तो उतरतो. उतरताना ढग विरतो, पाऊस थांबतो, आणि मग शंभर मीटरला पुरता एक अंश. वर किती ते हॉवदालचे आठ धरून वेगळं काढायचं आणि लोनेविकचे आठ धरून वेगळं. प्रश्नात कुठली बाजू ते सांगितलेलं नव्हतं. हे सगळं सांगायला तिला किती वेळ लागला असेल याची कल्पना करा, आणि कॉरिडॉरमधलं कोणीही तोंड उघडत नव्हतं, कारण गुनवोर सगळ्यांकडे बघत होती.

"तोरगेरच्या फ-फाटकाशी तुला ऊब लागली नाही?" मुलीने विचारलं.

गुनवोर विचारात पडली. मग म्हणाली, लागली. मला वाटलं दमल्यामुळे असेल. तिने विचारलं, "हे आत का नाही सांगितलंस?"

"सांगत होते. व-वेळ संपली."

आसलाउग मध्ये पडली, समजुतीच्या आवाजात. अहो, जास्तीची पंधरा मिनिटं मिळत होती, हिनेच घेतली नाहीत, सगळ्यांना अर्धा तास तर मला अर्धा तास, असा हिचा हट्ट. जाऊ दे सुन्निवा, पाच चांगले आहेत. गुनवोरने हे ऐकलं, आणि मला वाटलं आता ती म्हणणार, मग झालं तर, अर्धा तास म्हणजे अर्धा तास. मी तिला नऊ वर्षं ओळखत होतो.

ती माझ्याकडे वळली. "मी तिला नकलेवरून बोलले, तेव्हा किती वाजले होते?"

मी घड्याळाकडेच बघत होतो, म्हणून मला बरोबर माहीत होतं. "नऊ एकतीस. तिने सांगायला सुरुवात केली तेव्हा पस्तीस."

"म्हणजे मी तिला सव्वीस मिनिटं दिली." तिने घोंगडी सावरली. "चल आत."

बेरितने हातातली ताटली खाली ठेवली आणि चाचरत विचारलं की निकाल सांगून झाल्यावर असं करता येतं का. गुनवोर म्हणाली, सही झालेली नाही. अर्धा तास द्यायचा असा नियम आहे आणि तो मी मोडला आहे. कुणाला तक्रार करायची असेल तर माझ्या नावाने करा, पत्ता हॉवदाल. सुन्निवाने वेणी मागे टाकली आणि आत गेली.

गुनवोरने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. सुन्निवा तक्त्यापाशी गेली आणि डोंगराच्या आपल्या बाजूच्या उताराला हात लावून बोलायला लागली. पहिल्या शब्दावर अडली, तो गेला. दुसऱ्यावर अडली, तोही गेला. मी या वेळी माझे ओठ घट्ट मिटून बसलो होतो. दोन्ही बाजूंचे आकडे तिने मांडले, खिंडीतला बर्फमिसळ पाऊस का आणि फाटकाशी ऊब का, तेही सांगितलं. शेवटचं वाक्य संपलं तेव्हा चार मिनिटांना वीस सेकंद बाकी होते. ते वीस सेकंद ती गप्प उभी राहिली. गुनवोरनेही ते जाऊ दिले.

"झाली वेळ," गुनवोर म्हणाली. तिने माझ्याकडून पेन मागून घेतलं, दोन्ही हातांनी मुठीत धरलं, पाचावर काट मारली, शेजारी मोठा वेडावाकडा सहा काढला आणि खाली सही केली.

सुन्निवा आभार मानायला लागली. 'आ'वर अडली. गुनवोर थांबली, पूर्ण शब्द येईपर्यंत. मग म्हणाली, "आभार कसले? ती मिनिटं तुझीच होती."